धरलेली जागा

"ती जागा धरलेली आहे," म्हातारा म्हणाला.

मी तोवर बसलोही होतो. समोर भाताची थाळी, हातात चमचा आणि खाली जमिनीत रोवलेलं गोल स्टूल. स्टूल उबदार होतं, कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखं.

"कुणी धरलीय?"

त्यानं हनुवटीनं दाखवलं. माझ्या थाळीशेजारी टिश्यूचं एक छोटं पाकीट पडलं होतं. बाजूला कोपीचा, म्हणजे तिथल्या काळ्या कॉफीचा, भरलेला ग्लास. कॉफी गार झालेली.

सिंगापुरात येऊन मला जेमतेम दोन महिने झाले होते. एका लिफ्टदुरुस्तीच्या कंपनीत होतो. दुपारचं जेवण हॉकर सेंटरमध्ये. हॉकर सेंटर म्हणजे एका मोठ्या छपराखाली खाण्याच्या टपऱ्या आणि मधे टेबलंच टेबलं. पद्धत अशी, की आधी रिकाम्या जागेवर टिश्यूचं पाकीट ठेवायचं आणि मग रांगेत जाऊन उभं राहायचं. याला तिथं 'चोप' करणं म्हणतात. मला यात काही नवीन वाटलं नव्हतं. इचलकरंजीच्या स्टँडवर एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकण्यात माझं बालपण गेलंय. फरक इतकाच, की आमच्याकडे रुमाल हा नुसता प्रस्ताव असतो. तो बाजूला करून बसता येतं, मग भांडता येतं, आणि भांडण हातकणंगल्यापर्यंत आरामात पुरतं. सिंगापुरात टिश्यू म्हणजे सुप्रीम कोर्टाचा निकाल.

हे मला ठाऊक होतं. पण त्या मंगळवारी गर्दी होती, भूक होती आणि रस्सा इतका तिखट होता, की पहिल्याच घासाला नाक वाहायला लागलं. मी ते पाकीट फोडलं, एक टिश्यू काढला आणि नाक शिंकरलं.

"ते आले की उठतो, अंकल," मी म्हणालो.

म्हाताऱ्याचा चेहरा असा झाला, जणू मी चपला घालून त्याच्या देवघरात गेलोय.

"तू वापरलास."

"एकच घेतला."

"त्याचा होता ला."

इथून पुढे त्याचं बोलणं मी मराठीत देतो, पण ते शेपटीचे 'ला' तसेच ठेवतो, कारण ते काढले तर बोलण्याचा जीवच जातो. तिथले लोक जे बोलतात त्याला सिंग्लिश म्हणतात. गाडी इंग्रजीची, चाकं चिनी हॉक्कियनची, हॉर्न मलायचा आणि सीटखाली कुणीतरी ठेवलेलं तामिळ शब्दांचं गाठोडं. वाक्याच्या शेवटी एक शेपटी. 'ला' लावला की माणूस समजावतोय, 'लोर' लावला की त्यानं हात टेकलेत, 'मेह' लावला की त्याला शंका आहे. दोन महिन्यांत मला यातलं काहीही जमत नव्हतं. ऑफिसात माझ्या इंग्रजीमुळे मला 'बातम्या देणारा' म्हणायचे.

"कोण येणार आहे?" मी विचारलं.

"सेल्वम. येतो म्हणालाय."

त्याच्यापुढे फिशबॉल नूडल्सचा वाडगा होता. त्याला हातही लागलेला नव्हता. नूडल्स रस्सा पिऊन फुगल्या होत्या. त्याची मनगटं अशी, की घड्याळ कोपरापर्यंत घसरावं.

मी जेवलो, थाळी उचलली, निघालो. सेल्वम आला नाही. उरलेलं पाकीट सवयीनं खिशात टाकलं.

त्या आठवड्यात माझं अर्धं लक्ष घरीच होतं. शुक्रवारी कोल्हापूरला आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन होतं. तिला ऑपरेशनची भीती नव्हती, भूल देण्याची होती. डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं होतं. तिचं म्हणणं एकच, "मी डोळे मिटायच्या आधी तनूनं माझ्याशी बोलायचं. न्हाईतर मी आत जाणार न्हाई." पप्पांनी डॉक्टरांशी बोलून फोन करायची वेळही ठरवून घेतली होती. तिकडं ती वेळ सकाळची, माझ्याकडं दुपारच्या जेवणाची.

तर मला शुक्रवारी फक्त बोलायचं होतं. तेवढं एकच काम.

बुधवारी आम्ही एका इमारतीची लिफ्ट दुरुस्त करून चालू केली. सोबत तेनमोळी होती. माझी वरिष्ठ, सिंगापुरातच जन्मलेली तामिळ मुलगी, माझ्याहून वर्षभरानं मोठी. ती कशालाच हसत नसे, त्यामुळे आमचं चांगलं जमायचं. दार उघडलं तशी बाहेर ताटकळलेली माणसं आत शिरली आणि दारातच थिजून उभी राहिली. मागच्यांना आत यायला जागा नाही.

"मासुक दालाम," मी ओरडलो. "मासुक दालाम, मासुक दालाम."

सगळे मुकाट्यानं आत सरकले. एका म्हाताऱ्या बाईनं तर पिशवी मांडीवर घेतल्यासारखी पोटाशी धरली.

दार मिटलं. तेनमोळी माझ्याकडे बघत होती.

"हे कुठे शिकलास?"

"काय?"

"आत सरका म्हणालास. मलायमध्ये."

मला मलाय येत नाही, असं मी म्हणणार होतो. तोंड उघडलं आणि काहीतरी लांबलचक बाहेर आलं. सूर खाली, आवाज खरखरीत, मधे एक खोकला. तो खोकलाही माझा नव्हता.

तेनमोळी लिफ्टच्या भिंतीला टेकली. "हे तामिळ होतं," ती हळूच म्हणाली. "माझे आजोबा असं बोलायचे. आता असं बोलणारं कुणी राहिलं नाही."

"मी काय म्हणालो?"

"म्हणालास, पोरी, दांडा घट्ट धर."

लिफ्टमध्ये दांडा नव्हता.

तोंडात सकाळपासून तांब्याची चव होती, जुनी नाणी चोखल्यासारखी. आणि उजव्या हाताचा अंगठा सारखा तर्जनीवर दाबला जात होता. चिमटा घेऊन सोडायचा, चिमटा घेऊन सोडायचा. मी हात खिशात घातला. तिथं पाकीट होतं. अंगठा थांबला.

संध्याकाळी आईचा फोन आला.

"काय करायलास?"

मला म्हणायचं होतं, बसलोय. तो शब्द कुठं असतो ते मला ठाऊक होतं. तिथं गेलो तर जागा रिकामी. अंधारात जिना उतरताना शेवटची पायरी नसावी, तसा पाय खाली गेला.

"सिट सिट ओन्ली ला," मी म्हणालो.

"काय?"

"सिट सिट."

"तनू? घसा बसलाय का तुझा? कुणाचा आवाज ह्यो?"

पलीकडून पप्पा म्हणाले, "फोनमध्ये पाणी गेलं असंल. त्याला तांदळात ठेवायला सांग."

आई थोडा वेळ तिचं तिचं बोलत राहिली. तिचा शब्द न् शब्द मला समजत होता. समजत होतं, वाचता येत होतं, तोंडातून निघत तेवढं नव्हतं. मी हुंकार दिले. हुंकार बहुधा सगळीकडे सारखेच असतात. फोन ठेवताना आमच्यात एक ठरलेलं होतं. मी विचारायचं, "जेवलीस का?" आणि तिनं म्हणायचं, "तू जेवलास का ते सांग." कॉलेजच्या होस्टेलपासून हे चालत आलेलं. त्या दिवशी ती थांबली. मीही थांबलो. ते दोन शब्द मी शोधत होतो आणि ती फोनवर माझा श्वास ऐकत होती.

"परवा नीट बोल हां बाळा," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

गुरुवारी माझं इंग्रजीही गेलं. म्हणजे बातम्यांचं गेलं. साहेबांनी विचारलं, तीन नंबरची लिफ्ट आज होईल का? मी म्हणालो, "कॅन." कधी? "बाय अँड बाय, कॅन." साहेब चिनी, पन्नाशीचे. खूश झाले. म्हणाले, हा मुलगा आता रुळला. मला चहासोबत बिस्किटंही मिळाली. माझी भाषा गायब झाल्याबद्दल पगारवाढ मिळण्याची चिन्हं होती.

जेवणाच्या सुट्टीत तेनमोळीनं मला जिन्यात गाठलं. जे चाललंय ते सांग म्हणाली. मी सांगितलं. सांगताना तोंडून चार भाषा निघत होत्या आणि तिला सगळं समजत होतं, हीच त्यातली सगळ्यात भीतीदायक गोष्ट होती.

"तू धरलेल्या जागेवर बसलास," ती म्हणाली. "सातव्या महिन्यात."

"सो?"

"चिन्यांचा सातवा महिना म्हणजे मेलेल्यांना सुट्टी असते. ते जेवायला येतात. रस्त्यावर नाच-गाण्याचे स्टेज लागतात ते बघितलेस ना? पहिली रांग रिकामी ठेवतात, तीही बघितली असशील. तिथं कुणी बसत नाही. तुमच्याकडे असं काही नसतं मेह?"

मला पितृपंधरवडा आठवला. गच्चीवर ठेवलेलं पान, कावळ्याची वाट बघत उभे असलेले पप्पा आणि त्यांची ऑफिसला उशीर झाल्याची चुळबुळ. हे सगळं तिला सांगायचं होतं. पण कावळ्याला काय म्हणतात ते मला आठवेना. मी हातांनी पंख करून दाखवले.

"कोंबडी?" तिनं विचारलं.

मी सोडून दिलं.

"सेल्वम तामिळ," ती विचार करत म्हणाली, "महिना चिनी, टिश्यू इंडोनेशियाचा आणि तू कुठला तरी. असं भूत कसं लागेल?"

"रोजाक ला," माझ्या तोंडातून खरखरीत आवाज आला. रोजाक म्हणजे तिथलं भेळेसारखं खाणं. फळं, काकडी, तळलेलं कायकाय, सगळं एकत्र. आवाजाला स्वतःचा विनोद आवडला असावा, कारण मी बराच वेळ हसत होतो. मला हसू येत नव्हतं.

तेनमोळीही हसली नाही. "उद्या मी येते तुझ्याबरोबर," ती म्हणाली. "त्याचं त्याला परत दे. तुझ्या आईचा फोन यायच्या आत."

शुक्रवारी आम्ही गेलो. म्हातारा त्याच टेबलाशी. वाडगा तोच, नूडल्स फुगलेल्या, समोर कोपीचा ग्लास आणि टिश्यूचं नवं पाकीट. मी त्या स्टुलावर न बसता शेजारच्यावर बसलो. तेनमोळी उभीच राहिली. मी खिशातलं पाकीट काढून नव्या पाकिटावर ठेवलं. फोडलेली बाजू खाली केली, जरा बरं दिसावं म्हणून.

"सॉरी, अंकल."

"मला सॉरी काय म्हणतोस," म्हातारा म्हणाला. "त्या स्टुलाला म्हण. मंगळवारपासून ते बोलायला लागलंय."

"कोण?"

"स्टूल ला. सेल्वम असा बडबड्या नव्हता. हे हॉक्कियन नाही, मलाय नाही, तामिळ नाही. मी अख्खा जन्म बस चालवली, या बेटावरच्या सगळ्या भाषा पाठीमागून ऐकल्या. ही ऐकली नाही. आणि दिवसभर एकच."

"एकच काय?" तेनमोळीनं विचारलं.

म्हाताऱ्यानं ओठ ओले केले. डोळे मिटले. आणि माझ्या आवाजात, माझ्या इचलकरंजीच्या ठेक्यात, पहिल्या शब्दावर मी देतो तसाच हेल देऊन म्हणाला, "जेवलीस का?"

हॉकर सेंटरमध्ये शेकडो माणसं जेवत होती, कढया खणखणत होत्या, पंखे फिरत होते. त्या स्टुलावर कुणी नव्हतं. पण आता मलाही ऐकू आलं. अगदी बारीक, रेडिओ दुसऱ्या खोलीत चालू असावा तसं. जेवलीस का. थांबून परत. जेवलीस का.

माझं मराठी तीन दिवस तिथं बसून होतं. जागा धरून.

"तुम्ही बस चालवायचात," तेनमोळी म्हाताऱ्याला म्हणाली. ती माझ्या अंगठ्याकडे बघत होती. तो परत चिमटे घ्यायला लागला होता. "आणि सेल्वम अंकल?"

"कंडक्टर. पंधरा वर्षं माझ्यामागे, तिकिटांना चिमटा मारत. आम्ही दोघंही एकमेकांच्या घरची भाषा शिकलो नाही, गरजच पडली नाही. गाडीत जी तयार झाली ती पुरली." त्यानं वाडग्याकडे पाहिलं. "नंतर रोज इथं जेवायचो. तो यायच्या आधी मी खायचं नाही, मी यायच्या आधी त्यानं. मागच्या वर्षी त्यानं फोन केला, हॉक, जागा धर, येतो. मी धरली. मग त्याच्या मुलीचा फोन आला."

"गेले?"

"असं ती म्हणाली लोर. तो स्वतः तसं काही म्हणाला नाही."

"म्हणून तुम्ही वर्षभर दुपारी..."

"निघणार कसा?" हॉक अंकलनं तिच्याकडे असं पाहिलं, जणू ती अगदीच अडाणी आहे. "ड्रायव्हरला मागचं दिसत नाही. कोण चढलं, कोण उतरलं, कंडक्टरला ठाऊक. त्यानं बेल दिल्याशिवाय गाडी हलवायची नाही."

माझा अंगठा थांबला.

मग माझा हात उठला. मी उठवला नाही. हातानं टेबलावरचा चमचा घेतला आणि मी पुढे वाकलो. तोंडात तांब्याची चव इतकी दाटली, की डोळ्यांत पाणी आलं.

"हॉक," आवाज म्हणाला. "सगळे उतरले ला. मी पण."

म्हातारा हलला नाही.

"येतो म्हणालास."

"आलो ना. ह्या पोरानं माझ्या जागेवर बसून नाक शिंकरलं, म्हणून उशीर."

"तीन दिवस?"

"त्याच्या तोंडात फार गर्दी ला. आत सरकायलाच तयार नाहीत."

हॉक अंकलच्या घशातून काहीतरी निघालं. हसू असेल किंवा दुसरं काही. त्याचं नाक वाहत होतं, पण त्यानं पाकिटाला हात लावला नाही. मनगटानं पुसलं.

माझ्या हातानं चमचा कोपीच्या ग्लासवर मारला. टण. आणि परत, टण.

डबल बेल. ही मला जगाच्या कुठल्याही कोपऱ्यात ओळखू आली असती.

टेबलाखाली म्हाताऱ्याचा उजवा पाय दाबला गेला. डावा हात बाजूला गेला, तिथं नसलेला गिअरचा दांडा त्यानं पुढे ढकलला. मग त्याच हातानं चॉपस्टिक्स उचलल्या आणि तो जेवायला लागला. गार, फुगलेल्या नूडल्स, मान खाली घालून, एकामागून एक. मधे थांबला नाही.

माझा फोन वाजला.

पप्पांनी नुसतं म्हटलं, "बोल तिच्याशी." मागे चाकांचा आवाज होता, कुणीतरी कुणाला तरी नाव विचारत होतं. मग आईचा श्वास.

"तनू?"

मी तोंड उघडलं. आत कोण आहे ते मला माहीत नव्हतं. तेनमोळीनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी त्या रिकाम्या स्टुलाकडे बघितलं आणि जी जागा तीन दिवस रिकामी होती तिथं पाय टाकला.

"जेवलीस का?"

पलीकडे आई हसायला लागली. "उपाशी ठेवलंय रे मला मेल्यांनी. काल रात्रीपासनं पाण्याचा थेंब न्हाई. आणि तू जेवलीस का विचारायलास?" ती हसत असतानाच फोन पप्पांकडे गेला.

समोरचा वाडगा रिकामा झाला होता. हॉक अंकलनं दोन्ही पाकिटं उचलली, शर्टाच्या खिशात ठेवली आणि आमच्याकडे न बघता निघून गेला. नंतर तो मला त्या टेबलाशी कधी दिसला नाही. एकदा बसथांब्यावर दिसला. जरा जाड झाला होता.

हे मी घरी कुणाला सांगितलं नाही. सांगणार काय, आणि कुठून सुरू करणार? ऑपरेशन नीट झालं. दिवाळीला घरी गेलो तेव्हा आई भाकऱ्या थापत होती. मी शेजारी बसून विचारलं, भूल देताना भीती वाटली का?

"आधी वाटली," ती म्हणाली. "स्ट्रेचर ऑपरेशनच्या दारात उभं केलं आणि ढकलणारा गेला कुठं तरी. मी एकटीच. मग शेजारी एक माणूस येऊन उभा राह्यला. काळासावळा, खाकी कपड्यातला. म्हणाला, आत सरका, आत सरका."

मी पिठाची परात तिच्याकडे सरकवली.

"आणि स्ट्रेचरच्या नळीवर दोनदा टकटक केलं. तेवढ्यात तो ढकलणारा आलाच, न्हेलं मला आत."

"कुठल्या भाषेत म्हणाला?"

आईनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. "आता ते काय आठवणार. आपलंच काहीतरी बोलत होता. मला समजलं सगळं."

"आणि भीती?"

"गेली की," ती म्हणाली. "कंडक्टर चढला म्हटल्यावर कशाची भीती?"